गाडीचं तेल

आमच्या मुरबाडकडे चाकं असलेली प्रत्येक वस्तू गाडी. एसटी गाडी, जीप गाडी, शेठलोकांची मोटारही गाडी आणि मोटारसायकल तर गाडीच. या एका शब्दापायी माझी गाडी गेली.

दोन हजार सालाच्या मागेपुढे मी एक जुनी मोटारसायकल घेतली. मी शहापुरात किक मारली की मुरबाडात बायको चहाचं आधण ठेवायची, असा गाडीचा आवाज. माझा थोरला चुलतभाऊ कल्याणच्या एका शेठची मोटार चालवायचा. पहिल्या दिवसापासून त्याचा माझ्या गाडीवर डोळा. खोंडाची मान खाजवावी तसा टाकीवरून हात फिरवून म्हणायचा, "इकायची झाली तर पयलं मला सांग रे."

"दादा, एक वेळ बायको इकीन," मी म्हणायचो. आतून भांडं आपटायचं.

एका रविवारी दादा डबा घेऊन आला. "गाडीचं तेल हाय. फॉरेनचं. घाल गाडीत, इंजिन लोण्यावानी चालंल." जुनं तेल काढून नवं त्यानंच ओतलं. इतकं निसरडं तेल, की डब्याच्या काठावर बसलेली माशी घसरून पडली. माझ्यावर भावाची एवढी माया! मी घरची कोंबडी कापली.

आठवड्याभरात बायकोला मागे बसवून टोकावड्याला सासरी निघालो. पुढे घाटही दाखवतो म्हटलं. सपाटीला ठीक होतं. चढ लागला आणि इंजिन असं बोंबललं की माळशेजची माकडं खाली उतरून बघायला आली. गाडी मात्र जागची हलेना.

"इंजिन पळतंय, गाडी नाय पळत," बायको म्हणाली, उतरली आणि चालू लागली. मी गाडी ढकलत वर पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता. मधे एक बैलगाडी मला ओलांडून गेली. त्यातल्या डाव्या बैलानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून विसरलेलो नाही.

दादाला गाडी दाखवली. त्यानं कान लावला, च्च च्च केलं. "क्लच गेला. इंजिनपण गेलंच समज. भंगारात घालण्यापेक्षा मला दे. माझी मोपेड तू ने." डोळ्यांत पाणी आणून मी चावी दिली. त्यानंही पाणी आणलं, माझ्यापेक्षा जास्तच.

म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी वहिनी भेटली. मी सहज विचारलं, "गाडी भंगारात घातली का?"

"भंगारात? अवो भावजी, कालच ह्यांनी मला घाट दाखवून आणला! नुसतं तेल बदललं आन् क्लचच्या प्लेटा धुतल्या. कुणीतरी मोटारीचं तेल घातलं होतं म्हणं तिच्यात." वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "असला येडा कोण असंल हो?"

तो येडा मी. ओतणारा तिचा नवरा मागेच घोंगडी निवडत होता. मी त्याचा दंड धरला.

"मोटारीचा क्लच कोरडा असतो रे," दादा शांतपणे म्हणाला. "आपल्या गाडीच्या प्लेटा इंजिनच्या तेलातच बुडालेल्या. ते निसरडं तेल घातलं की घसरतात."

"तुला तवाच ठाऊक होतं?"

"डायवर हाय मी."

"मंग खोटं का बोललास?"

"खोटं कुठं? गाडीचं तेल म्हणलो होतो. कुठल्या गाडीचं, ते तू इचारलं नाय."

कापलेली कोंबडी माझ्या डोळ्यांपुढे पंख फडफडवून गेली. गाडी परत दे म्हटलं, तर तो म्हणाला, मोपेड दिली तेव्हा एवढी जुनी नव्हती, तूच खराब केलीस, आता अदलाबदल नाय.

परतताना मोपेडनं पहिल्याच चढाला मान टाकली. वहिनी बायकांबरोबर जीपनं गेली होती. मागून ओळखीचा आवाज आला. जगात कुठेही ओळखला असता. दादा थांबला. "बस रे मागं. लाजतोस काय, आपलीच गाडी हाय."

अंधारून येत होतं. मी बसलो. त्यानं क्लच सोडला आणि गाडीनं अशी उसळी घेतली, की पडू नये म्हणून मला त्याच्याच खांद्याला धरावं लागलं.