पहिल्या फेरीला कोण बसणार

पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरात होतं. थंडी एवढी की सकाळी लोखंडी पाना तळव्याला चिकटायचा. वर्कशॉपची आमची छोटी तुकडी, चौदा माणसं, दोन तंबू, एक शेड. रस्त्यात बंद पडलेल्या फौजी गाड्या ओढून आणायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे काम. ०६०० ला पीटी, ०७३० ला टूल चेकिंग, ०८०० ला कामाला सुरुवात.

तुकडीत एक रिवाज होता. कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, तरी पाळला जायचा. ब्रेकचं किंवा स्टिअरिंगचं काम झालं की जॉब कार्डावर 'तपासलं, ठीक' अशी सही ज्याची, तोच पहिल्या फेरीला गाडीत बसणार. म्हणून सही करताना प्रत्येकजण एकदा परत वाकून बघायचा.

लान्स नायक दगडू सोनवणे माझ्याच तालुक्यातला, अमळनेरकडचा. आटे पाडण्यात त्याच्यासारखा हात मी फौजेत दुसरा पाहिला नाही. गेज न लावता, नुसतं नख फिरवून सांगायचा, "तिसरा आटा गेलाय." आम्ही चेष्टेने त्याला सोनार म्हणायचो.

त्या दिवशी आमच्या रिकव्हरी गाडीच्या पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचे आटे गेले होते. पंपाची बॉडी अल्युमिनियमची, तिच्यात तेलाच्या नळीचा पोलादी नट बसतो. कोणी अडाण्यासारखा जोर लावला की नट शाबूत राहतो आणि अल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. मग भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि आत पोलादी तारेची इन्सर्ट बसवायची. दगडूने तेच सांगितलं. अर्धा दिवस लागला असता. मी आटे पाडायचा टॅप आणायला स्टोअरच्या तंबूत गेलो. कापडापलीकडून आमच्या नायब सुभेदार साळुंखे साहेबांचा आवाज आला.

"टेप गुंडाळ आणि आवळ. कॉन्व्हॉय थांबलाय. सही मी करतो."

सही त्यांनी केली. फेरीला मात्र बसले नाहीत. ऑफिसात काम आहे, दगडू तू जा, म्हणाले.

११२० ला वायरलेसवर आवाज आला. "रिकव्हरी गाडी नाल्यात. सातवं वळण. ड्रायव्हर जखमी. दुसरा गेला."

नट निसटला होता. तेल गेलं की तेवढ्या जड गाडीचं स्टिअरिंग वळणावर दोन हातांनी हलत नाही. ड्रायव्हर उडी मारून वाचला. दगडूची बाजू दरीकडची होती.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, मेकॅनिकने मला न विचारता टेप गुंडाळून काम उरकलं. जॉब कार्ड सापडलं नाही. मला एकच प्रश्न आला, साहेबांना हुकूम देताना पाहिलं का? मी म्हणालो, "नहीं सर, देखा नहीं." ते खरं होतं. ऐकलं का, असं कोणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन होतं. निकाल लागला, मेकॅनिकचा हलगर्जीपणा.

हवालदार होऊन मी पेन्शनवर आलो. नव्वदच्या दशकात खानदेशातली अर्धी गावं सुरतेला कापडाच्या लूमवर होती, तसा मीही गेलो आणि तिथल्या भेस्तान भागात गॅरेज टाकलं. दोन गल्ल्या सोडून दगडूची बायको राहायची, सखुवहिनी. साड्यांच्या घड्या घालायचं काम करायची. दर दिवाळीला मी फराळाला गेलो की एकच विचारायची, त्यांची चूक होती का? मी नाही म्हणायचो. कागद कुठंय, म्हणायची. कागद नव्हता. मी साळुंख्यावर डूख धरून होतो. तो मेला असता तरी माझं समाधान झालं नसतं, मला तो जिवंत हवा होता.

तो आपल्या पायांनी आला. सकाळी दहाला पांढरी इम्पोर्टेड गाडी, गुजराती ड्रायव्हर, मागच्या सीटवर साळुंखे. कामरेजला बंगला, जवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना वॉचमन पुरवायचा धंदा. माझ्या मिशा गेल्या होत्या, पोट सुटलं होतं. त्याने ओळखलं नाही. मी बॉनेट उघडलं. पॉवर स्टिअरिंगचा पंप, सोललेले आटे. कुठल्या तरी गॅरेजवाल्याने जोर लावला होता.

"मिस्त्री, टेप गुंडाळ आणि आवळून दे. चारला निघायचंय," असं म्हणून तो रिक्षाने सचिनला गेला.

तेच शब्द, तोच आवाज. खोटं कशाला सांगू, अख्खा चहा होईपर्यंत मी विचार केला की द्यावं तसंच. गुंडाळावी टेप. मग ध्यानात आलं की यात चूक परत मेकॅनिकचीच ठरेल, आणि ते दगडूच्या निकालावर मी माझ्या हाताने शिक्कामोर्तब केल्यासारखं होईल. मी पंप उतरवला. ड्रिल मारलं, तेल घालून सावकाश टॅप फिरवला, इन्सर्ट बसवली, नवा तांब्याचा वॉशर घातला. इंजिन चालू करून चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवली. एक थेंब आला नाही.

चारला तो आला. मी जॉब कार्ड पुढे केलं, फौजेत असायचं तसंच आखलेलं. मेकॅनिकच्या रकान्यात लिहिलं होतं, दगडू सोनवणे. त्याने ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बोरसे?"

"होय साहेब. 'तपासलं, ठीक' इथे सही करा आणि पहिल्या फेरीला बसा. गाडी तुम्ही चालवायची."

त्याने ड्रायव्हरला खूण केली. म्हणजे इतक्या वर्षांनीही दुसऱ्यालाच बसवणार होता. मी चावी खिशात टाकली.

"काय केलंयस गाडीला?"

"दगडूला जे करायचं होतं, ते."

मी स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसलो. ड्रायव्हर बिचारा साधा माणूस, म्हणाला, "साहेब, बेसी जाओ ने, मिस्त्री पोते बेठा छे." मिस्त्री स्वतः बसलाय, मग तुम्हीही बसा की, असं. साळुंखे हलला नाही. तेल गेलं तर कारचं स्टिअरिंग जड होतं, कोणी मरत नाही. नायब सुभेदाराला हे कळत नव्हतं असं नाही. पण चोराच्या मनात चांदणं. त्याची पाचावर धारण बसली होती आणि मी ते मजेत बघत होतो. पाच मिनिटं मी त्याला तसंच उन्हात उभं ठेवलं.

मग सांगितलं, कार्डाच्या मागे खरं लिहून द्या, मी नट खोलून आतलं काम दाखवतो आणि चावी देतो. त्याने बॉनेटवर कार्ड ठेवून तीन ओळी लिहिल्या. हुकूम माझा होता, सही माझी होती, सोनवणेची चूक नव्हती. खाली नाव आणि रँक. मी नट खोलला आणि बॅटरीचा उजेड पाडला. आत इन्सर्टचे आटे चकचकीत दिसत होते. त्याने कार्ड परत मागितलं. मी नट परत आवळला आणि म्हणालो, गाडी घेऊन जा, काम पक्कं आहे. तरीही तो रिक्षाने गेला. गाडी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर घेऊन गेला, रिवाजाप्रमाणे पहिल्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसलो.

पण आधी, त्याच संध्याकाळी सहाला, मी वहिनीकडे गेलो. मला वाटत होतं, लढाई जिंकून आलोय. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"आखो एक डाव वाचा, भाऊ," ती म्हणाली.

मी परत वाचलं. तिने कार्ड हातात घेतलं, सहीवरून बोट फिरवलं.

"हुकूम त्यानी दिधा, हाई तुम्हले कसं मालूम व्हतं?"

"कापडाच्या पलीकडं होतो. ऐकलं."

"मंग तव्हय काब्र नही बोलनात?"

त्या वेळी मूग गिळून बसलो होतो, आता गिळायलाही काही उरलं नव्हतं. खिशातून पेन काढलं आणि साळुंख्याच्या सहीखाली लिहिलं, हुकूम मी ऐकला होता, चौकशीत सांगितलं नाही. हवालदार बोरसे. तेही तिला वाचून दाखवलं.

तिने कार्ड दगडूच्या फोटोमागे खोचलं. फोटोत तो वर्दीत आहे, उजव्या हाताच्या नखात ग्रीस. त्यानंतर फराळाचं बोलावणं आलं नाही. दिवाळीला मी दारात जातो, फोटोला सॅल्यूट करतो आणि परत येतो.