अक्काच्या हळदीची कॅसेट

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, जाऊन बारा वर्षं झाली. ती गेली तेव्हा आमच्या घरात एकच मोबाईल होता आणि तोही फक्त बोलण्यापुरता. त्यामुळे तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, काडी तुटलेला चष्मा आहे, पण आवाज कुठेच नाही. असलाच तर एका जागी होता, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हळदीच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. अव्वा कर्नाटकच्या हद्दीवरच्या मैंदर्गीची. आमच्याकडे लग्नात बायका सोबानाची कानडी गाणी म्हणतात. त्यात पहिली ओळ अव्वाने उचलायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायची, हे ठरलेलंच. अक्काच्या हळदीला ती तासभर गात होती.

अप्पा आता शहाऐंशीचे आहेत. त्यांचा एक कान केव्हाच गेलाय आणि दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं. तिथून रिक्षाने घरी येताना अप्पा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पुरता बहिरा व्हायच्या आत अकीचं गाणं येकदा ऐकव की बे." कानडीत अकी म्हणजे ती. सगळ्या संसारात त्यांनी अव्वाचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या शब्दाने केलेला मी ऐकला नाही.

घरी आल्या आल्या मी कपाटावरचा व्हीसीआर खाली काढला. पंधरा-सोळा वर्षं तो चादरीत गुंडाळून पडला होता. पिन लावली तर दिवा लागला. कॅसेट घातली तर ती निम्मी आत गेली, आतून घर्र असा आवाज आला आणि ती परत बाहेर आली. चार वेळा हेच झालं. गावात कॅसेटचं पेनड्राइव्हवर करून देणारा एक जण होता, त्याच्याकडे गेलो. त्याचंच मशीन बंद पडलेलं. वर मलाच विचारतो, तुमचं चालू झालं तर विकणार का? मी तिथूनच परत फिरलो, नाहीतर भांडण झालं असतं.

मी जन्मभर चादरीच्या कारखान्यात वायरमन होतो. मोटार जळली, स्टार्टर बिघडला तर डोळे मिटून सांगेन. पण हे नाजूक काम. पूर्वी हा व्हीसीआर ज्याने दुरुस्त केला होता तो मेकॅनिक आता मोहोळला लेकाकडे राहतो. मशीन मांडीवर घेऊन एसटीने त्याच्याकडे गेलो. त्याने झाकण उघडून आत पाहिलं आणि हसला. "बेल्ट पघळलाय. आपल्या उन्हात माणूस पघळतंय, रबराचं काय घेऊन बसलाय?" बेल्टच्या जागी नुसतं काळं डांबर होतं. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, म्हणून त्याने मशीनला हात लावला नाही. खुर्चीवर बसून नीट समजावून सांगितलं. डब्यातून एक बेल्ट काढून दिला आणि एक सिनेमाची जुनाट कॅसेट दिली. "आदी ही टाकायची. हिला मशीननं खाल्लं तर खाऊ दे. लगनाची कॅसेट सगळ्यात शेवटी."

पुढचे आठ-दहा दिवस मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. पुलीला चिकटलेलं डांबर स्पिरिटने पुसून काढलं, नवा बेल्ट चढवला. कॅसेट आत जायला लागली, पण फीत गुंडाळणारं चाक फिरेना. त्या जुन्या सिनेमाची वीतभर फीत आत अडकून चुरगळली. ती अव्वाची असती तर, या विचाराने मी लग्नाची कॅसेट उचलून कपाटात ठेवली. दोन चक्रांच्या मधे एक रबरी कडं असतं, ते गुळगुळीत झालं होतं. मेकॅनिकने फोनवर सांगितल्याप्रमाणे ते उलटं करून बसवलं, तेव्हा चाक फिरलं. मग हेड, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा भाग. हेडला कापूस लावायचा नाही आणि खालीवर घासायचं नाही. कोऱ्या कागदाला स्पिरिट लावून तो नुसता टेकवून धरायचा आणि हेडचा गोल ड्रम बोटाने हळू फिरवायचा. अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. दर पाच मिनिटांनी "झालं का?" त्यांचं म्हणजे पी हळद नि हो गोरी. मी दोनदा खेकसलो त्यांच्यावर. आता त्याचं वाईट वाटतं.

शेवटी लग्नाची कॅसेट घातली. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग चित्र सरळ झालं. अक्का पाटावर बसलेली, गालांना हळद, आणि तिच्या मागे उभी अव्वा. केस काळेभोर. ओठ हलत होते. पण आवाज नव्हता.

अप्पा टीव्हीच्या अगदी जवळ सरकले. "अकीचं दनि कुटं हाय?" दनि म्हणजे आवाज. मी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "आवाजाचं हेड येगळं असतंय, उजव्या अंगाला उभं. त्याची वरची कड पुसा." कॅसेट बाहेर काढून पाहिलं तर खरंच वरच्या कडेला तपकिरी मळ साचला होता. माझे हात इतके कधी जपून चालले नव्हते. पुसलं, वाळू दिलं, कॅसेट परत घातली.

आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. व्हायोलिनं, ढोलक आणि सिनेमातली एक गायिका. अव्वाचे ओठ कानडीत हलत होते आणि गाणं हिंदीत वाजत होतं.

अप्पा कानाला तळवा लावून वाकले होते. "ही कोण बाई?" त्यांनी विचारलं.

मला ते गाणं ऐकताच सगळं आठवलं. शूटिंगवाल्याच्या खोलीत मिक्सिंगच्या वेळी मीच बसलो होतो. घरातला शिकलेला मी, म्हणून मला पाठवलं होतं. तो म्हणाला होता, बायकांची गाणी चांगली आली आहेत, ठेवायची का सिनेमातली टाकायची? मी म्हणालो, "काढा ती कानडी रडगाणी. पुण्याचे पाहुणे बघणार, हसतील." अक्काच्या सासरची माणसं आमच्यातलीच, पण पुण्यात राहून कानडी विसरलेली. मला त्यांच्यासमोर माझ्या आईची लाज वाटली. तिच्या गाण्यावर कुठलं गाणं घालायचं तेही मीच सांगितलं. मूळ कॅसेटवर शूटिंगवाल्याने पुढचं लग्न घेतलं असणार, तशीच पद्धत होती.

त्या वेळी घरात ही कॅसेट चार-पाचदा लागली असेल. पण ती बघ मावशी, तो बघ मामा, या गोंगाटात आवाजाकडे कोण लक्ष देतो? आणि अव्वाचा आवाज कॅसेटमधून ऐकायची गरज तेव्हा कुणाला होती? ती स्वयंपाकघरात सगळ्यांना चहा टाकत होती. पडद्यावर आपल्या तोंडून दुसरीच बाई गातेय, हे तिला कळलं होतं का, मला माहीत नाही. ती त्यावर कधी काही बोलली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांना सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ते म्हणाले, "मशीनमधी दुसरंच कायतरी लागतंय. अजून बिगाड हाय त्यात."

"व्हय अप्पा," मी म्हणालो. "थोडा बिगाड हाय अजून."

याला आता दोन महिने झाले. रोज सकाळी नाश्ता झाला की मी वर्तमानपत्र अंथरतो, झाकण उघडतो, चांगला बसलेला बेल्ट काढतो आणि परत बसवतो. अप्पांना आता कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. गाणं लागलं तरी ते आता त्यांना ऐकू येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे, तरी ते खुर्ची टाकून बसतात. कुणी आलं-गेलं की माझ्याकडे बोट दाखवून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने सांगतात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "अकीच्या आवाजासाठी दोन म्हैने झालं खपतंय पोरगं. आईवर लई जीव हाय त्याचा."