पिवळ्या पांघरुणाची तक्रार

माझ्या वहिनीला वास येत नाही. अजिबात नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी ती शांतपणे बटण शिवत बसते आणि मीच आतून बोंबलत येते. लाँड्रीत अकरा वर्षं वाफेवर आणि ब्लीचवर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? लाँड्री बंद पडली, मालक रातोरात गायब झाला, पण गेलेलं नाक काही परत आलं नाही.

मग तिने जुने कपडे एका ॲपवर ऑनलाइन विकायला घेतले. दादा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, घरी येऊन बडबड करणं एवढंच माझं काम. दादाने माझं नाव ठिणगी ठेवलंय, ते काही उगाच नाही. वहिनी मात्र थंड डोक्याची. ओळखीपाळखीतून पिशव्या भरून कपडे यायचे आणि ती एकेक कपडा खिडकीशी धरून बघायची. कॉलर, काखा, खिसे उलटे करून. धुवायची दोनदा, गरम पाण्यात. ‘वास राहिला तर मला कळणार नाही ना, म्हणून दोनदा,’ म्हणायची. मग शिवण, इस्त्री, फोटो. डाग असला तर डागावर बोट ठेवून वेगळा फोटो. मी म्हणायचे, ‘अगं, डाग दाखवून कोणी माल विकतं का?’ ती म्हणायची, ‘मी विकते.’

त्यानंतर कपडे खोक्यांत. सुती एका खोक्यात, लोकरीचे दुसऱ्यात. विकला गेला की खोक्यातून थेट पिशवीत, पुन्हा धुणं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी अक्कल गहाण पडली ती इथेच.

गिऱ्हाइकं काय एकेक होती, विचारू नका. एकीने लिहिलं होतं, ‘फोटोत निळा दिसत होता, घरी आल्यावर जास्तच निळा निघाला.’ एकाने पिशवी रिकामी आली म्हणून कांगावा केला. तेव्हापासून वहिनी प्रत्येक पार्सल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून, वरची पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा फोटो काढून ठेवायची. ॲपवाल्यांनी तो फोटो कधी बघितला नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि मग तो कोट आला. चांगला, जाड, लोकरीचा. खोक्यात महिनाभर पडून होता, त्याला कसर लागली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. घेणारीने पाठीवरच्या भोकांचे फोटो टाकले, एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘फसवणूक करणारी बाई.’ वहिनी त्या दिवशी जेवली नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी डांबरगोळ्यांचं पाकीट आणलं, आठ गोळ्या रुमालात बांधल्या आणि लोकरीच्या खोक्याच्या तळाशी सरकवल्या.

वहिनीला सांगितलं नाही. घरात डांबरगोळी आणायची नाही, हे तिने मला पूर्वीच बजावलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, लाँड्रीतलं काहीतरी खूळ असेल. आणि तिला कुठे वास येतोय? खरं सांगते, मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

त्या खोक्यात एक पिवळं पांघरूण होतं. तान्ह्या बाळाचं, हाताने विणलेलं, कडेला पांढरी नक्षी. तीन आठवडे ते त्या गोळ्यांवर पडून राहिलं. मग विकलं गेलं. मी ऑफिसात होते, वहिनीने घडी घालून पिशवीत भरलं आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी पांघरूण घेणाऱ्या बाईचा निरोप आला, कपाटाचा असतो तसा वास येतोय. वहिनीने लिहिलं, ‘साबणाचा असेल, उन्हात टाका.’ मला हे नंतर कळलं.

शनिवारची दुपार होती. मी आत केस विंचरत होते आणि वहिनी बाहेर फोनवर निरोप मोठ्याने वाचत होती. चष्मा घातला की ती सगळं मोठ्यानेच वाचते.

‘बाळ दवाखान्यात आहे. अंग पिवळं पडलंय, लघवी काळपट होतेय, रक्त कमी झालंय. डॉक्टर विचारतायत, पांघरुणाला काय लावलं होतं? औषध, फवारा, काहीही. लवकर सांगा.’

मग वहिनीचा आवाज, लिहिता लिहिता. ‘काहीही लावलेलं नाही. फक्त साबण आणि गरम पाणी. दोनदा धुतलंय. बाळाला बरं वाटू दे.’

माझ्या हातातला कंगवा खाली पडला. आधी मनात काय आलं सांगू? कोणाला कळणार आहे, हे आलं. लाज वाटते, पण आलं. दुसऱ्याच क्षणी मी उठून बाहेर गेले.

‘वहिनी, लोकरीच्या खोक्यात डांबरगोळ्या आहेत. मी ठेवल्यात.’

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘लाँड्रीत एकदा असंच झालं होतं. काही काही बाळांना ते विष असतं गं.’

तिने फोन उचलला. लिहायची जागाच गेली होती. वर पट्टी आली होती, ‘खरेदीदाराने सुरक्षेबाबत तक्रार नोंदवली आहे. हा संवाद बंद करण्यात आला आहे.’ शेवटचं वाक्य आमचंच. काहीही लावलेलं नाही.

‘आणि त्यांना आता वाटत असेल, पांघरूण स्वच्छ आहे,’ वहिनी म्हणाली. ‘परत घालतील त्याच्या अंगावर.’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझं धाबं दणाणलं.

मदत केंद्र उघडलं. ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू?’ खाली तीन पर्याय. पैसे परत, वस्तू परत, इतर. इतर दाबलं. ‘आपली अडचण आमच्यासाठी महत्त्वाची आहे. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळेल.’ मी लिहिलं, बाळ आहे, दवाखान्यात आहे. त्याने विचारलं, ‘आपल्याला लहान मुलांचे कपडे बघायचे आहेत का?’ मी फोन फेकणार होते, वहिनीने हात धरला.

तक्रारीच्या पानावर एक चौकट होती, ‘जबाबदारी मान्य आहे का?’ हो किंवा नाही. वहिनीने हो दाबलं, काय घडलं ते सगळं खाली लिहिलं आणि पाठवलं. ‘तपासणीनंतर खरेदीदाराला कळवण्यात येईल.’ मग फोन लावला. बावीस मिनिटं संगीत वाजलं. मी घड्याळच बघत होते. शेवटी एक मुलगी बोलली, गोड आवाजात.

‘मॅडम, खरेदीदाराची माहिती देता येत नाही.’

‘मला नको माहिती! तुम्ही कळवा तिला. दोन शब्द. डांबरगोळ्या होत्या, एवढंच.’

‘तक्रार सुरू असताना निरोप देता येत नाही, मॅडम.’

‘अहो, बाळ मरेल ना!’

‘मी आपली भावना समजू शकते. मी नोंद केली आहे. आणखी काही मदत करू का?’

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिने फोन ठेवला. तिचाही दोष नसेल, समोरच्या कागदावर असेल तेवढंच ती बोलणार. पण तेव्हा मला ती मुलगी दाराआड उभी राहून दार दाबून धरल्यासारखी वाटली.

वहिनी तेवढ्यात फोनमधले फोटो चाळत होती. वजनकाटा, पिशवी, काटा, पिशवी. आठ दिवस मागे गेली आणि थांबली. चिठ्ठीवरच्या फोन नंबरवर फुल्या होत्या, पण पत्ता सगळा होता. याच शहरातला, दुसऱ्या टोकाचा.

‘चप्पल घाल,’ ती म्हणाली.

आम्ही टॅक्सी पकडली. प्रत्येक सिग्नलला मी मनात म्हणत होते, काढलं असेल, त्यांनी काढलं असेल, अंगावर कशाला ठेवतील? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, का काढतील? तूच तर सांगितलंस स्वच्छ आहे. वहिनीने लिहिलं होतं खरं, पण खोटं माझं होतं.

तिसरा मजला. दाराला कुलूप. दाराबाहेर छोटी गाडी, बाळाची, घडी घातलेली. ती बघून मला भडभडून आलं. मी शेजारचं दार बडवलं. एक आजी आल्या. मी धापा टाकत, अर्धं गिळत सांगितलं, आणि बाई मोठ्या समजूतदार, एक प्रश्न विचारला नाही. बाळाच्या आईचा नंबर लावला आणि बोलणारी मी म्हणून फोन माझ्या हातात दिला.

‘हॅलो?’ पलीकडून आवाज आला. तरुण, रडून बसलेला. मागे कोणाची तरी पावलं, भांडं वाजल्यासारखा आवाज. ‘हॅलो? आजी? बोला ना.’

आणि मी, जिचं तोंड झोपेतही बंद नसतं, मी उभीच. मला दिसत होतं, मी म्हणणार ‘मी ठेवल्या’ आणि ती विचारणार ‘का?’ आणि त्या का-ला माझ्याकडे काही नव्हतं.

‘हॅलो? कोण आहे?’

वहिनीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. ‘पिवळं पांघरूण विकणारी बाई बोलतेय. ते अंगावर आहे का आत्ता?’

‘हो... त्याला थंडी वाजतेय म्हणून... तुम्हीच लिहिलंत ना, फक्त साबण...’

‘काढा. आत्ता, या क्षणी. ते डांबरगोळ्यांत ठेवलेलं होतं. डॉक्टरांना सांगा, डांबरगोळ्या. मी ठेवल्या होत्या. माझी चूक आहे. जा, आधी काढा.’

पलीकडे काहीतरी पडलं, पावलं पळाली, फोन बंद झाला. आम्ही जिन्यात बसलो. आजींनी पाणी आणून दिलं. दीड तासाने आजींना फोन आला. डॉक्टरांना नेमकं कारण कळलं होतं, रक्त चढवायला घेतलं होतं. जगेल का, ते अजून कोणी सांगत नव्हतं.

जगलं. सहाव्या दिवशी घरी आलं, आजींनीच कळवलं. आठव्या दिवशी ॲपकडून निरोप आला, जबाबदारी मान्य केल्याबद्दल आभार आणि आपलं खातं कायमचं बंद. नावापुढे शेरा, ‘असुरक्षित विक्रेता.’

वहिनी खोकी रिकामी करत होती. मी दारात उभी होते. आठ दिवस जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं.

‘तू ठेवल्यास असं का सांगितलंस?’

तिने वर बघितलं नाही. ‘फोन तुझ्या हातात होता. मी वाट बघितली तुझी. तू बोलेनास. बाळ पांघरुणात होतं.’

‘पण नाव माझं सांगायचंस.’

‘तेव्हा वेळ कुठे होता?’ ती म्हणाली आणि एक स्वेटर झटकून घडी घालायला घेतला. ‘नंतर होता. नंतरचं तुझं तू सांगशील, असं मला वाटलं होतं.’

आठ दिवस झाले होते. मी दादालासुद्धा सांगितलं नव्हतं.