सूनबाईचा वात

सून होऊन या घरात आली तेव्हा तिला कुणी आजारी म्हणत नव्हतं. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा दवाखाना, आत घर. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. घरातच वैद्य, याचं तिला अप्रूप वाटलं होतं. मग हळूहळू कळलं, की इथं आपण तोंड उघडलं की एखादा आजारच बाहेर पडतो.

एकदा जेवताना ती म्हणाली, "नाना, कोपऱ्यावरच्या शाळेत गणिताला बाई हव्या आहेत. मी जाईन म्हणते."

नानांनी घास खाली ठेवला. "वात वाढलाय. मन ठरत नाही ते त्यामुळंच."

"मला नोकरी करायचीय. त्यात वाताचा काय संबंध?" तिचा आवाज चढला.

"आणि हे पित्त."

मग ती दिवसभर गप्प बसली, तर तो कफ निघाला.

नवऱ्याकडं गेली तर तो हसला. "तू पण ना, वात आणतेस अगदी! नानांना त्यातलं कळतं. तुला कळतं का?"

हे मात्र तिला लागलं. रोज जे शब्द अंगावर येतात त्यांचा अर्थ तरी माहीत हवा. दुसऱ्या दिवशी ती नानांपुढं जाऊन बसली. "मला शिकवा."

नानांना आभाळ ठेंगणं झालं. पोटच्या पोरानं त्या पुस्तकांकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. दुपारी दवाखान्यात शुकशुकाट झाला की शिकवणी सुरू होई.

"दोष म्हणजे चूक नव्हे गं," नाना सांगत. "बिघडला तर दुसऱ्याला बिघडवतो, म्हणून दोष. प्रमाणात असला तर त्याच्यावरच तर शरीर चालतं."

"आणि प्रमाण कशावरून ठरतं?"

"ज्याच्या त्याच्या प्रकृतीवरून. प्रकृती म्हणजे तब्येत नव्हे, मुळातली घडण."

"माझी कोणती?"

"वाताची. चटकन बोलणारी, चटकन उठणारी."

"मग मला घरात बसवत नाही हा आजार कसा? माझी घडणच ती."

नाना मांडीवर थाप मारून खो खो हसले. तेवढ्यात ती मनानं शाळेत जाऊन फळ्यापाशी उभीसुद्धा राहिली.

"काय डोकं आहे! आता शाळाबिळा विसर. माझ्या शेजारी खुर्ची टाकतो तुझी."

नवऱ्यानं मान डोलावली. शाळेत दुसऱ्या बाई लागल्या.

ती दवाखान्यात बसू लागली. नाना 'अग्निमांद्य' म्हणत, ती 'पचन मंदावलंय' असं सांगे. येईल त्याला नाना अभिमानानं म्हणत, "ही माझी सून!" कुणी रागावलं असतं तर भांडता तरी आलं असतं. या कौतुकापुढं तिला खुर्चीतून उठताही येईना.

एके सकाळी एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. उलट बोलते, मध्येच रडते, अशी तक्रार. नानांनी नाडी धरली. "पित्तप्रकोप. सूनबाई, समजावून सांग यांना."

ती त्या मुलीकडं बघत राहिली. मुलीनं खालचा ओठ दातांत धरला होता.

"हिला राग आलाय," ती म्हणाली.

"ते दिसतंय की! पण आजार कुठला?" त्या बाई म्हणाल्या.

"सूनबाई," नानांचा आवाज बदलला, "शास्त्राला धरून बोल."

"शास्त्रात निदान म्हणजे कारण, असं तुम्हीच शिकवलंत. अजून कुणी विचारलंच नाही हिला." मुलीला घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

मुलगी आधी नुसतीच रडली. मग सांगू लागली. माहेरी फोन करायचा तर सासू शेजारी उभी. दार लावायचं नाही, अंघोळीलासुद्धा वेळ लावायचा नाही. मध्येच थांबून तिनं विचारलं, "ताई, तुम्ही कशा सुटलात यातून?"

"सुटले कुठं?"

बाहेर नानांनी चूर्ण बांधून दिलंच होतं. दोघींना एकदमच हाका आल्या, एक नानांची, एक सासूची. मुलगी दचकून उठली. तिनं मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं.

"येतील आत यायचं तर. तू बोल."