सत्याची उंच गाडी

टायरच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. जुने टायर आणि किस्से. टायर निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते आमच्या जामसंड्याच्या दुकानातच पडून असतात. चहाला कोणी आला की एखादा घरंगळत बाहेर येतो!

दुकान माझं आणि अँतोनचं. हिशेब मी बघतो, पाना अँतोन धरतो आणि जीभ दोघांची सारखीच चालते. पण आमच्या दुकानाला एकट्या सत्याने जितकं हसवलं तितकं कोणीच नाही. सत्या म्हणजे सत्यवान, माझा शाळेपासूनचा दोस्त. आंब्याची बाग आहे, स्वभावाने लाख माणूस, फक्त एक हौस भारी. गाडीची!

*

सत्याने चार दारांची, मागे हौदा असलेली पिकप घेतली. इथपर्यंत ठीक होतं. मग कोणाच्या तरी मोबाइलवर त्याने डोंगरात चढणाऱ्या उंच गाड्या बघितल्या आणि पिकप घेऊन थेट गोव्याला गेला. परत आला तेव्हा बॉडी वर उचललेली आणि खाली हे एवढे दातेरी टायर!

दुकानासमोर गर्दी जमली. सत्या वरून, अगदी माडावरून बघावं तसा, आमच्याकडे बघत होता.

"कशी दिसता?" त्याने विचारलं.

अँतोन गाडीभोवती फिरला. खाली वाकून पलीकडचा रस्ता बघून घेतला. म्हणाला, "बरी दिसता रे. पण पावसात गाडीखाली उभो रवलंय तर चलात मा?"

*

त्या टायरांचा एक गुण सत्याला फार आवडला. मोठा टायर एका फेरीत जास्त रस्ता कापतो, पण गाडीच्या मीटरला ते कळत नाही. तो आपला जुन्याच टायरच्या हिशेबाने कमी किलोमीटर दाखवतो. हे मी सत्याला दोनदा समजावलं. पण त्याचं एकच, "माज्या गाडीन कणकवली जवळ इली! मीटर बघ!"

अँतोनने मान डोलावली. "आनी जरा मोठे टायर घाल रे सत्या. गोवा आमच्याच तालुक्यात येतलो!"

*

मग आंब्याचा हंगाम आला. बागेत पेट्या भरून तयार, कामाला येणारी शेवंती आणि तिच्याबरोबरच्या बायका डोक्यावर पेट्या घेऊन गाडीपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. हौद्याची कड त्यांच्या डोक्यापेक्षा उंच!

सत्या वरून ओरडला, "चढवा गो पेटये!"

शेवंतीने डोक्यावरची पेटी शांतपणे खाली ठेवली, कमरेला हात लावले.

"झाडावरसून उतरवलेले आंबे परत झाडारच चढवचे होते, तर उतरवलंस कित्याक?"

त्या वर्षी सत्याचे आंबे शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेले. पिकप बागेत उभी होती. सावली मात्र चांगली पडायची!

*

सत्याची आई, म्हणजे आमची काकी, गुडघ्यांनी बेजार. तिला गाडीत चढायला प्लास्टिकचं स्टूल लागायचं. तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न नांदगावला. सगळे नटूनथटून निघाले. काकी स्टुलावरून चढली, सत्याने दार लावलं, गाडी सुटली. नांदगावला मांडवाच्या दारात पोचल्यावर कळलं, स्टूल घरी अंगणातच राहिलं!

मांडवातून खुर्ची आणली. ती मऊ जमिनीत डुगडुगली, काकी पाय टाकेना. सत्या म्हणाला, "आये, मी उचलून उतरवतंय."

"गप रव! ह्या वयात तुया माका उचललंस, तर लोक विचारतीत नवरी कोण!"

मग काय करणार? काकी गाडीतच बसली. ताट गाडीत आलं, पाहुणे गाडीपाशी आले, आहेर खिडकीतून झाला. शेवटी नवरानवरी पाया पडायला आली. दार उघडलं, तर काकीची पावलं नवऱ्याच्या बरोबर छातीशी! बिचारा वाकणार कुठे? त्याने उभ्या उभ्याच काकीच्या पावलांना हात लावून नमस्कार केला.

बहिणीने काळजीने विचारलं, "जावय कसो वाटलो गो?"

"बरो आसा," काकी म्हणाली, "ताठ कण्याचो!"

*

एवढं होऊनही सत्या ऐकेना. "टायर बदल" म्हटलं की हसून विषय बदलायचा. आम्हीही चिडवायचो आणि सोडून द्यायचो.

मग आप्पांना झटका आला. आप्पा म्हणजे सत्याचे वडील. आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवलेला माणूस; सत्याच्या उंच गाडीत पुढे बसला की ट्रकसारखं दगडी गडग्यांवरून पलीकडचं दिसतं म्हणून खूश असायचा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा नजर तेवढी जागी होती. पडवीत खुर्ची टाकून बसायचे आणि अंगणातल्या पिकपकडे बघत राहायचे.

व्यायामाच्या डॉक्टरांकडे त्यांना दर आठवड्याला न्यायचं होतं. पहिल्या दिवशी सत्याने आणि शेजाऱ्याने खुर्चीसकट उचलून बघितलं. आप्पा मधेच कलंडले, घाबरले आणि डाव्या हाताने त्यांनी गाडीचं दार धरलं ते सोडेनात. शेवटी रिक्षा बोलावली. रिक्षात आप्पा, काकी आणि त्यांना सावरायला सत्याची बायको. सत्याला जागाच नाही. तो मागून आपली रिकामी पिकप घेऊन निघाला.

बाजारातून ही वरात चालली. पुढे फटफट करत रिक्षा आणि मागे डोंगराएवढी गाडी! कोणीतरी ओरडलं, "सत्या, रिक्षेत मंत्री बसलो हा काय रे?"

बाजार हसला. सत्याही हसला. पण परत येताना त्याने गाडी आमच्या दुकानासमोर लावली आणि उतरलाच नाही. मी चहा घेऊन दारापाशी गेलो. गाडी इतकी उंच की कप मला डोक्यावर धरावा लागला.

त्याने कप घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बारके टायर दाखव."

अँतोन उठून आत टायर काढायला गेला.

*

टायर निवडायला गिऱ्हाईक येतं ते नक्षी बघतं, कंपनी बघतं. सत्या काकीला घेऊन आला. काकीला चढता आलं तर आप्पांना चढवता येईल, असा त्याचा हिशेब. गाडीला आम्ही लोखंडी पायरी जोडली होती. आता टायर किती बारीक करायचे, एवढंच ठरायचं होतं.

मी सांगितलं, "टायर चार इंच बारको केलो, तर गाडी दोनच इंच खाली येतली."

"आनी उरलेली दोन इंच खंय गेली?" सत्याने संशयाने विचारलं. जणू ती मी गल्ल्यात टाकणार होतो!

"वर. चाक आनी मडगार्डच्या मधी. थंय पोकळ दिसतली."

पहिला सेट लावला. काकीने पाय उचलला, पायरीला टेकेना. त्याहून बारीक लावला. पाय टेकला, पण गुडघ्याने नाही म्हटलं. शेवटी सगळ्यात बारका सेट लावला. काकीने दांडा धरला, "गे बाय माज्या!" म्हणत पाय टाकला आणि बसली की आत!

सत्या रस्त्यापलीकडे जाऊन गाडी बघून आला. वर ती अवाढव्य बॉडी, खाली ती एवढीशी चाकं. त्याचा चेहरा पडला.

अँतोनला राहवलं नाही. "रेड्याक बकऱ्याचे पाय लावल्यासारखे दिसतत रे!"

"रेडो तर रेडो," काकी आतून म्हणाली, "माज्या घोवाक बसाक गावता मा?"

सत्याने मान डोलावली. "हेच घाल."

*

नवीन टायर घातले की थोडी गाडी चालल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अँतोन सत्याच्या घरी गेलो. तेव्हा आप्पांना गाडीत बसवायची तयारी चालली होती.

सत्याने पाठीमागून धरलं, काकीने पुढून. आप्पांनी डावा पाय पायरीवर ठेवला. अँतोनने नुसता हात पुढे केला होता, पण तो लागलाच नाही. आप्पा पुढच्या सीटवर बसले! काकी रडायलाच लागली. मागच्या सीटवर ती आणि मी, हौद्यात अँतोन, आणि गाडी निघाली.

सत्या इतकी हळू चालवत होता की कडेने चाललेली म्हातारी आमच्या पुढे गेली. त्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं आप्पांवर. आप्पांनी डाव्या हाताने डॅशबोर्ड चाचपला, आरसा बघितला. खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं, कुंपणांच्या गडग्यांकडे बघितलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले.

काकीने माझं मनगट घट्ट धरलं. "सत्या! आप्पा कायतरी बोलतत!"

सत्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. झटका आल्यापासून त्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. सत्या जवळ सरकला. त्याचे डोळे भरले होते.

"आप्पा? काय म्हणतास?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. पुन्हा एकदा खिडकीतून खाली बघितलं. आणि एकेक शब्द ओढत, पण अगदी स्पष्ट, म्हणाले,

"पयले... टायर... बरे होते!"