आत्याबाईंची डेटाबंदी

माझा पाय मोडला तो वायफाय बंद करताना. हाडांच्या डॉक्टरांना मी हे खरं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, "वायफाय बंद करते हुए कोई गिरता है क्या, मैडम?" मी म्हटलं, "गिरता है. स्टूल पे चढ़ के बंद करना पड़ता है." नवरा शेजारीच उभा होता. तो भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र फार लक्ष देऊन बघायला लागला.

आम्ही शाहपुऱ्यात तळमजल्यावर राहतो. माणसं तीनच. मी, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला माझा इंजिनिअर नवरा आणि त्याची आई. माझं माहेर पुण्याचं, सासर ग्वाल्हेरचं, आणि संसार सगळा भोपाळात. घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा कंपनीच्या माणसाने तीन योजना पुढे केल्या: सिल्वर, गोल्ड आणि प्लॅटिनम. सिल्वरमध्ये महिन्याला ठरावीक डेटा. तो संपला की नेट बंद पडत नाही, पण वेग असा घसरतो की बंद पडलेलं बरं वाटावं. नवरा म्हणाला, "गोल्ड घेऊ." मी शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेली बाई. मी म्हटलं, "तिघांना असं लागतंय काय? सिल्वर पुष्कळ झालं." हा निर्णय मी घेतला, एकटीने घेतला आणि आठवडाभर त्याचा अभिमानही बाळगला.

त्यानंतर माझ्यात बदल झाला. ज्या गावात नळाचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, तिथल्या बाईला साठवायची सवय लागते. मी डेटाही पाण्यासारखा वागवायला लागले. मोबाइलवर कंपनीचं ॲप होतं, त्यात एक निळं वर्तुळ असायचं आणि डेटा वापरला की ते कमी कमी होत जायचं. सकाळी देवाला नमस्कार करून झाला की मी त्या वर्तुळाचं दर्शन घ्यायची. कोणीतरी सांगितलं की आपण काही बघत नसलो तरी फोन आतल्या आत डेटा खात असतात. झालं. भाजीला जाताना राउटर बंद, दुपारी आडवं होताना बंद, पाहुणे आले तर आधी राउटर बंद आणि मग चहा. ते यंत्र दाराच्या वर उंचावर बसवलं होतं, म्हणून स्टूल. आणि स्टूल होतं, म्हणून पाय.

प्लॅस्टर बसलं त्याचं मला इतकं वाईट वाटलं नसतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात पुण्याला माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली होती. त्याने लग्न उशिरा केलं, मूल त्याहून उशिरा झालं, आणि त्याला सख्खी बहीण मी एकटी. म्हणजे आत्या मी. बारशाला बाळाला पाळण्यात घालतात, बायका पाळणा म्हणतात, मग आत्या वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. नाव सांगितल्या क्षणी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. का घालतात ते मला कोणीही समजावून सांगू शकलेलं नाही. पण ते बुक्के खायची मी कित्येक वर्षं वाट पाहत होते. इथल्या हबीबगंज स्टेशनवरून गाडीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. ते रद्द करताना मी रडले, आणि पाय दुखतोय म्हणून रडते आहे असं सगळ्यांना सांगितलं.

भावाचा फोन आला. "ताई, जिवाला लावून घेऊ नकोस. व्हिडिओ कॉलवरून ठेव नाव. फोन पाळण्यात धरतो. आणि नेटचा काही घोटाळा झालाच, तर आपली चुलतताई आहे इथे. ती ठेवेल."

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. आमची चुलतबहीण गोड आहे, गोरी आहे आणि लहानपणापासून प्रत्येक फोटोत मधोमध उभी आहे. आता ही माझ्या भाचीच्या कानाशीही मधोमध येणार! मी ठणकावून सांगितलं, "नेटचं मी बघते. नाव मीच ठेवणार."

बारसं सव्वा महिन्याने, संध्याकाळी करायचं ठरलं होतं. ते आमच्या डेटाच्या महिन्याच्या अखेरीस येत होतं. मी घरात बंदी जाहीर केली. नवऱ्याचं क्रिकेट बंद. सासूबाईंचं कीर्तन बंद. त्या रोज दुपारी टॅबवर कीर्तन लावतात, अर्ध्यात डुलकी घेतात आणि बुवा मात्र पुढे गातच राहतात. एवढा डेटा कोणी ऐकत नसताना वाहून जातो, हे मला बघवत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझं कीर्तन बंद, याचं क्रिकेट बंद, मग ते मशीन कशाला लटकवलंय? बुरी नजर लागू नये म्हणून?"

"आई, बारशापुरतं," मी म्हटलं. "मग वाट्टेल तेवढं कीर्तन ऐका."

"तोपर्यंत मी बिलकुल सलामत राहीन अशी तुझी गॅरंटी आहे का?" असं म्हणून त्या आत गेल्या.

मी मात्र कामाला लागले. इथे माझ्या स्वभावातलं एक दुखणं सांगायला हवं. टी. टी. नगरात आमचं मराठी मंडळ दरवर्षी नाटक बसवायचं. तालमींना मी कधी चुकले नाही, पण मला कामं मिळायची ती विंगेतून आवाज देण्याची. शेजारीण बाहेरून हाक मारते, ती मी. माडीवरून सासू ओरडते, तीही मीच. आवाज खणखणीत आहे, असं दिग्दर्शक म्हणायचे. चेहऱ्याबद्दल कोणी काही बोलत नसे. आता पहिल्यांदाच मी प्रकाशात येणार होते, पुण्याच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर, सगळ्या नातेवाइकांसमोर. आणि मराठी मंडळात मुरलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की तालमीशिवाय रंगमंचावर जायचं नसतं.

तेव्हा मी रोज संध्याकाळी भावाला व्हिडिओ कॉल लावून तालीम घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाळण्यात खरं बाळ होतं. ते रडलं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून उशी ठेवली. मी उशीच्या कानात 'कुर्रर्र' करायची. उशीला कान कुठे असतो यावर भावाचा आणि माझा वाद झाला. मग नथ घालून तालीम, नथीची सावली ओठावर पडते म्हणून दिवा हलवून तालीम, पैठणी नेसून तालीम. भाऊ थकून म्हणाला, "ताई, एक शब्द तर बोलायचाय." मी म्हटलं, "एकच शब्द असला की चुकायला जागा जास्त असते."

याच दिवसांत निळं वर्तुळ भराभर आटायला लागलं. मला कळेना. क्रिकेट बंद आहे, कीर्तन बंद आहे, मग डेटा पितंय कोण? माझा संशय सरळ सासूबाईंवर गेला. दुपारी त्यांच्या खोलीतून बारीक आवाजात मृदंग ऐकू यायचा. मी लंगडत जाऊन दाराशी उभी राहिले, तर तो थांबायचा. पुरावा नव्हता, पण मी वायफायचा पासवर्ड बदलला आणि कोणाला सांगितला नाही. नवऱ्यालाही नाही. जेवताना मी सहज म्हणावं तसं म्हणाले, "काही लोक घरात लपूनछपून नेट वापरतात असं दिसतंय." सासूबाईंनी वरणात लिंबू पिळलं.

बारशाच्या संध्याकाळी मी पैठणी नेसून, नथ घालून, प्लॅस्टरचा पाय टेबलाखाली लपवून फोनसमोर बसले. कॉल लावला. पडद्यावर एक पांढरा गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. मध्येच भावाचा चेहरा आला, पण तोंड उघडं ठेवूनच थिजला. मागे पाळणा, झिरमिळ्या आणि बायकांचे चौकोनी ठोकळे झालेले चेहरे. मी वर्तुळ उघडून पाहिलं. ते रिकामं होतं.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मैडम, आपका हाई स्पीड डेटा ख़त्म हो चुका है. आपको गोल्ड में अपग्रेड कर दूँ? अगले महीने से चालू हो जाएगा."

"बेटा, नामकरण आज है!"

"बधाई हो, मैडम," ती म्हणाली.

नवऱ्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला, ॲपमध्ये कुठेतरी बोट दाबलं आणि कोणत्या यंत्रावर किती डेटा गेला ते उघडलं. मग त्याने पडदा शांतपणे माझ्यासमोर धरला. टॅबपुढे जवळजवळ काही नव्हतं. नवऱ्याच्या फोनपुढेही नाही. सगळा डेटा माझ्या फोनवरून गेला होता. उशीला नाव ठेवण्यात.

"पण मग तो मृदंग?" मी विचारलं.

"माझ्या मोबाइलचा डेटा," नवरा म्हणाला. "रोज दुपारी आईला देतो. आजचाही संपवलाय तिने." माझ्या मोबाइलवर तर डेटा नव्हताच. घरात वायफाय असताना तो कशाला, म्हणून मी नुसत्या बोलण्याचं स्वस्त रिचार्ज करत होते. तोही निर्णय मीच घेतलेला.

नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात रिचार्ज करायला धावला. धावला तो माझ्यासाठी. एरवी तो चालतो, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलतो.

तेवढ्यात फोन वाजला. साधा फोन. भाऊ होता. "ताई, काय झालं गं? इथे सगळ्या जणी थांबल्यात, बाळ भुकेजलंय. चुलतताई म्हणतेय, मी ठेवू का नाव? तुझी हरकत नाही ना?"

हरकत नाही म्हणायला हवं होतं. बाळ भुकेलेलं, पाहुणे ताटकळलेले, आणि दोष शंभर टक्के माझा. मी ते म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मला भावाच्या मागचा पाळणा ऐकू आला. बायका हळू आवाजात गात होत्या. प्रत्येक शब्द स्वच्छ येत होता. एका तालमीतसुद्धा इतकं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं.

"थांब!" मी ओरडले. "तिला म्हणावं, हात लावू नकोस. हा फोन बाळाच्या कानाला लाव."

"हाच? साधा?"

"कानातच सांगायचंय ना? लाव."

जरा खुडबुड झाली. "लावला," दुरून भावाचा आवाज आला. आणि मग माझ्या कानात एक श्वास आला. बारीक, ओलसर, घाईघाईचा. समोर ना पाळणा होता ना बाळ, तरी मी वाकले. नथ टेबलाला आपटली. इतक्या दिवसांच्या तालमीतलं काहीही आठवलं नाही. मी नुसतं 'कुर्रर्र' केलं आणि तिला तिचं नाव सांगितलं. श्वास क्षणभर थांबला, असं मला वाटलं. नक्की वाटलं. मग तो पुन्हा सुरू झाला आणि पाठोपाठ ती भोकाड पसरून रडली. मीही रडले, आणि या वेळी पायाचं नाव पुढे केलं नाही.

पलीकडे बायकांचा एकच गलका उठला. पण बुक्के घालायचे कोणाला? पाठ भोपाळात होती. इतक्या तालमी घेतल्या, पण हे काम मी कोणालाच दिलेलं नव्हतं.

मागे काठीचा आवाज झाला. सासूबाई खुर्चीतून उठून आल्या होत्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला, आणि माझ्या पाठीत असा एक बुक्का घातला की फोनवरचा भाऊ म्हणाला, "काय पडलं?"

"हा रिवाजाचा," सासूबाई म्हणाल्या. मग दुसरा घातला. "हा कीर्तनाचा."

मी डोळे पुसत, हसत सरळ व्हायला गेले, तर त्यांनी खांदा धरून मला पुन्हा वाकवलं.

"थांब, पासवर्डचा राहिलाय."