होडीचं कपाट

किहीमच्या एका कॉटेजमध्ये सगळं सामान जुन्या होड्या फोडून केलेलं आहे. काउंटर म्हणजे होडीचं नाक, बाक म्हणजे तिच्या बरगड्या. पाहुणे फोटो काढतात, मीही काढले. हे करणारा म्हातारा सुतार मागच्या माडांखाली बसतो. जन्मभर त्याने होड्या बांधल्या. आता फायबरच्या आल्या, लाकडी होड्या त्याच्याकडे फक्त मोडायला येतात. काहीही विचारा, तो आधी हातातली फळी बोटाने ठोकून ऐकतो आणि म्हणतो, "हाय, जीव हाय अजून."

दर खेपेला भेट व्हायची, म्हणून मी त्याला पुस्तकांचं कपाट करायला सांगितलं. न्यायला गेलो, तर तो फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासत होता, पाणी शिरू नये म्हणून. मला हसू आलं.

"काका, हे कुठे पाण्यात जाणार आहे?"

त्याचा हात थांबला. "व्हय. न्हाय जानार."

मग पटाशीच्या टोकाने त्याने सगळा कापूस उपसून काढला. फळी मात्र ठोकली नाही.

कपाट आता माझ्या घरी आहे. येणारे जाणारे कौतुक करतात. मला त्या फटींतून मागची भिंत दिसते.